रिकाम्या मागाचे दिवस

पौषातली सकाळ येवल्यावर उतरते ती दबक्या पावलांनी. आधी कांद्याच्या वाफ्यांवरचं दहिवर उजळतं, मग लांबवर अंकाई-टंकाईच्या डोंगरमाथ्याला केशरी कड फुटते, मग गल्लीतल्या पत्र्यांवरून ऊन ओघळत ओघळत उंबऱ्यापर्यंत येतं. शीतल, शुभ्र, निरभ्र सकाळ. अशी सकाळ बघत बसायला ज्यांना फुरसत आहे ती माणसं भाग्याची. चंद्रकला त्यांतली नव्हती.

ती केव्हाची मागावर बसली होती. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडलेले, पायांखाली पावडीची लाकडी फळी, पुढ्यात ताणलेलं हिरवंगार रेशीम आणि त्या हिरव्यात जरीचे सुवर्णकंठी मोर. पावडी दाबायची, धाग्यांची वाट उघडायची, रंगीत रेशीम गुंडाळलेल्या कांड्या बोटांनी आरपार न्यायच्या, फणी ओढून ठोका द्यायचा. ठक्. पुन्हा पावडी, पुन्हा कांड्या, पुन्हा ठोका. ठक्. पैठणी विणणं म्हणजे एवढंच, आणि एवढंच जन्मभर.

त्याच खड्ड्यात, तिच्या पायांपलीकडच्या कोपऱ्यात, मातीच्या भिंतीला पाठ लावून तिची लेक बसलेली असे. ओवी.

नऊ वर्षांची ओवी. गोल, गौर, सपाट चेहऱ्याची, तिरप्या पापण्यांची, आखूड, मऊ बोटांची. तळहातावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच आडवी रेघ, ज्योतिष्याला वाचायला म्हणून काही ठेवलंच नाही. ठोका पडला की ती डुले. ठोका लांबला की डुलता डुलता अर्ध्यावर थांबे, आणि पुढचा पडेपर्यंत तशीच वाकून राही. वेगाशी तिचं देणंघेणं नव्हतं. ठोका पडायला हवा, बस्स.

ओवीला डॉक्टरांनी दोन नावं दिली होती.

पहिलं जन्मताच दिलं, डाऊन सिंड्रोम. चंद्रकला पलंगावर रडत होती, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "ही मुलं फार प्रेमळ असतात हो. गळ्यात पडतात, हसतात, गाणं लागलं की नाचतात." ते वाक्य चंद्रकलेने पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. हृदयातलं भोक ऑपरेशनने बुजलं. मान उशिरा सावरली, पाऊल उशिरा पडलं, पण पडलं. जड जिभेवरून कधीतरी 'आई' आलं, मग 'पाणी' आलं, मग मांजरीसाठी 'माऊ' आलं. तीन शब्दांची श्रीमंती घरभर मिरवली गेली.

आणि चौथ्या वर्षी ते शब्द निघून गेले. आधी माऊ गेली, मग पाणी गेलं, शेवटी आई गेली. नजर गेली ती कुठल्यातरी भिंतीपलीकडे. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरं नाव सांगितलं, ऑटिझम. "दोन्ही एका मुलात असू शकतं," असं त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या. मऊ आवाजात सांगितलं म्हणून काय ओझं हलकं होतं? पहिलं नाव पेलायला शिकता शिकता दुसरं येऊन खांद्यावर बसलं.

तिथेच एकदा अशा मुलांच्या आईबापांचा मेळावा होता. एक जाडजूड, हसरा मुलगा धावत आला आणि त्याने चंद्रकलेच्या कमरेला घट्ट मिठी मारली. ओळख ना पाळख. तीच तिरपी पापणी, तीच आखूड बोटं. त्याच्या मिठीत ती उभी राहिली आणि तिला ओवीचा राग आला. खराखुरा राग. ओवी तेव्हा कोपऱ्यात पंख्याच्या फिरत्या सावलीकडे बघत बसली होती. मग चंद्रकलेला रागाची लाज वाटली. मग कितीतरी दिवसांनी त्या लाजेचाही कंटाळा आला.

ओवी कुणाला मिठी मारत नसे. तिला काही हवं असलं की ती आईचं मनगट धरी, माठापाशी नेई, आईचा हात गडूवर ठेवी. पाणी मिळालं की मनगट सोडून देई. चुलीवरून पातेलं उतरवताना वापरलेलं फडकं बाजूला टाकावं, तसं.

बाकी दिवस म्हणजे न संपणारी ओढाताण. भात पांढराच हवा आणि त्याच निळ्या ताटलीत हवा. दात घासणं म्हणजे झटापट, केस विंचरणं म्हणजे झटापट, नखं तर झोपेतच कापायची. पण झोप कुठे होती? रात्र तुकड्यातुकड्यांनी येई आणि तुकड्यातुकड्यांनी जाई. चड्डी अजून ओली होई. दाराला आतून वरची कडी, खिडकीला जाळी, कारण एकदा डोळा चुकवून पोरगी थेट हमरस्त्यावर गेली होती. बायका म्हणत, "तुझ्यासारखी तूच गं बाई, आम्हाला नसतं जमलं." चंद्रकला हसे. जमतं कुणाला? तिलाही जमत नव्हतं. ती नुसती करत होती.

ती दमली होती. पायांच्या पोटऱ्या दमल्या होत्या, मानेचा मणका दमला होता, पापण्या दमल्या होत्या. देवापुढे उभी राहिली तरी मागायला काही सुचत नसे, इतकी दमली होती.

फक्त मागावर सुख होतं. ठोका पडू लागला की ओवी खड्ड्यात उतरे, कोपरा धरी आणि शांत होई. तासन् तास, उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकत जाईपर्यंत शांत. दिगंबर म्हणजे चंद्रकलेचा नवरा; तो पेठेतल्या पैठणीच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायचं काम करी. त्याने एकदा शक्कल लढवून मोबाईलवर ठोक्याचा आवाज भरून आणला. ओवीने क्षणभर ऐकला आणि मोबाईल माठात टाकला. तिला नुसता आवाज नको होता. मातीतून येऊन पाठीच्या कण्यात शिरणारा तो हादरा हवा होता, आणि हादरा मोबाईलमध्ये मावत नाही.

म्हणून चंद्रकलेला साडी संपण्याची भीती वाटे.

साडी संपली की ती कापून उतरवायची. माग रिकामा होई. मग नवा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडा, यायचा आणि त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला पिळून जोडायचा. हजारो धागे, केसासारखे बारीक. ही सांधणी करणारा माणूस वेगळा असतो आणि त्याला चार दिवस तरी लागतात. ते चार दिवस मागाला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला त्या चार दिवसांत ओवीने भिंतीवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं होतं. टाके पडले होते. टाके घालताना तिघांनी तिला धरलं होतं, आणि त्या तिघांत आई होती.

या खेपेची साडी जसजशी पदराकडे आली, तसतसा चंद्रकलेचा हात जड झाला. दिवसाचं काम ती दोन दिवसांना पुरवू लागली. मोराच्या एका डोळ्यापाशी सकाळ, एका पिसाऱ्यापाशी दुपार. उसवलं काही नाही, खोटं काही केलं नाही, नुसती रेंगाळली. शाळेत जायचं नसलेलं पोर चपला शोधत बसतं, तशी.

"अगं, शेटजींचा निरोप आलाय," दिगंबर एका संध्याकाळी म्हणाला. "भोगीच्या आत साडी हवीय. माघात लग्न आहे त्यांच्या गिऱ्हाइकाकडं."

"देते की."

"मला तर आठवडाभर पदर तेवढाच दिसतोय."

"डोळे तपासून घ्या तुमचे."

त्याला सगळं कळत होतं. तिच्याशेजारी बसून तो कांड्या भरू लागला, आणि दोघांनी मिळून न बोलता तो विषय टाळला.

पण शेवटचा मोर शेवटी पुरा झालाच. भोगीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सोनेरी शांततेत, चंद्रकलेने कात्री लावली. हिरवं रेशीम सुटलं, सैल झालं, मांडीवर येऊन पडलं. लखलखीत, लावण्यमयी, परक्या मुलीच्या अंगावर जायची साडी. फणीत मागे उरली ती जुन्या धाग्यांची वीतभर टोकं. तिने ती जुड्याजुड्यांनी बांधून ठेवली आणि पदर खोचून सांधणीवाल्या भिकानानांच्या घरी धावली.

नाना ओसरीवर बसले होते. पुढ्यात भलीमोठी आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची लाकडी फिरकी, आणि आजूबाजूला नातवंडांचा गराडा. सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांत दहा वर्षांचा आनंद. तो आनंद बघितला आणि चंद्रकला पायरीवरच थबकली. संक्रांत. आपण काम लांबवलं, लांबवलं आणि नेमकं कुठे आणून सोडलं?

"नाना, ताणा आलाय. उद्या सकाळी याल का?"

"उद्या?" नाना हसले. "सूनबाई, तू येवल्याचीच ना गं? भोगी, संक्रांत, कर. ह्या तीन दिवसांत इथं माणूस मांजा धरतो, रेशीम नाही धरत. माझा बाप गेला तव्हा त्याच्या हातात आसारी व्हती."

"पोरीचं ठाऊक आहे ना तुम्हाला..."

नानांचं हसू मावळलं. त्यांनी आसारी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "ठाऊक आहे गं बाई. पण नातवंडं मला सोडायची न्हाईत, अन् खोटं कशाला बोलू, माझाबी पाय निघायचा न्हाई. कर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाय बघ. तवर एक कर. पावडीला पाय लावू नको. जुनी टोकं फणीतून निसटली तर आख्खी फणी नव्यानं भरावी लागंल. पंधरा दिवस जातील, मग मला बोल लावू नको."

तिला त्यांचा राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

आणि मग येवल्याचं आकाश भरलं.

निळं आकाश, आणि निळ्यावर रंगांचा उत्सव. लाल, पिवळे, काळे, जांभळे. डौलदार, मस्तवाल, वायुवेडे पतंग. गच्ची गच्ची माणसांनी फुललेली, गच्चीवर हलगी, हलगीवर आरोळ्या. वाकत, गोते खात, एकमेकांना छाटत पतंग वर जात होते, आणि खाली, सगळ्या गल्लीत, एकही माग बोलत नव्हता. या घरात नाही, त्या घरात नाही. वर्षभर धपापणारी गल्ली छाती धरून गप्प झाली होती.

ओवी खड्ड्यात उतरली आणि कोपऱ्यात बसून वाट पाहू लागली.

ठोका पडला नाही. ती किंचित वाकली आणि वाकलेलीच राहिली. पुढच्या ठोक्याची वाट पाहत, जो येणार नव्हता. मग हलगी वाजली आणि तिने कान झाकले. मग ती किंचाळली. ती किंकाळी लांब, सपाट, अश्रूंविना होती आणि मध्ये श्वास घेण्यापुरतीच थांबे. मग डोकं भिंतीकडे गेलं.

चंद्रकलेने खड्ड्याच्या भिंतींना गोधड्या लावल्या. उशा लावल्या. दिगंबर सुट्टीवर होता. आळीपाळीने दोघं तिचं कपाळ तळहातावर झेलत राहिले. भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये बापाचा हात, मग आईचा हात. हात सुजले. भोगीची भाजी शिजली नाही. संक्रांतीला शेजारणी वाण घेऊन आल्या, दारातून आत डोकावल्या आणि तिळगूळ उंबऱ्यावर ठेवून हळूच परत गेल्या. निळी ताटली भातासकट दोनदा भिंतीवर आपटली. करीच्या दिवशी ओवीचा आवाज फाटला, बसला, तरी तोंड उघडंच राहिलं. आता त्या तोंडातून फक्त हवा येत होती.

"दवाखान्यात नेऊया का?" दिगंबरने विचारलं.

"नेऊन काय करायचं? धरतील. सुई टोचतील. पुन्हा घरी पाठवतील." मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कधीकधी वाटतं, ही झोपावी आणि मी पण झोपावी, आणि कुणीच उठवू नये."

तो दचकला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, की धरलाही नाही.

करीचा दिवस मावळला, रात्र कशीबशी सरली, आणि सकाळी भिकानाना शब्दाला जागून दारात आले. पण त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"मांज्यानं चिरली," ते खाली बघत म्हणाले. "ही दोन बोटंच तर टोकं पिळतात, सूनबाई. रक्त लागलं तर रेशीम वाया जाईल. चार-पाच दिवस तरी..." खड्ड्यातून येणारा तो फाटका, हवेचा आवाज त्यांनी ऐकला आणि ते उंबऱ्यावरच बसले. "दुसरा माणूस बघतो मी. इथंच जवळ मुखेडला माझा भाचा आहे. त्याच्या पाया पडतो."

"बघा नाना," चंद्रकला म्हणाली. तिच्या आवाजात ना आशा होती, ना निराशा. दिगंबर नानांबरोबर भाच्याला गाठायला निघून गेला.

दुपार झाली. पतंगांनी रिकामं केलेलं आकाश पांढुरकं, निस्तेज पडलं होतं; तारांवर अडकलेल्या चिंध्या तेवढ्या वाऱ्यावर फडफडत होत्या. घरात चंद्रकला होती, ओवी होती आणि मधे गप्प माग होता.

ओवी खड्ड्याबाहेर यायला तयार नव्हती. आईला तिच्याजवळ बसायचं तर एकच जागा होती. चंद्रकला आपल्या रोजच्या जागेवर जाऊन बसली, पाय खड्ड्यात सोडले आणि पावडीपासून जपून दूर ठेवले. हात मांडीवर पडले. डोळे मिटायचे नाहीत, असं तिने स्वतःला बजावलं. बजावता बजावता पापण्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या.

खाली हालचाल झाली. गोधडी सरकली. आता भिंत, आता कपाळ, आता हात पुढे करायला हवा, हे तिला कळलं. पण हात उठेना. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात उठेना.

आणि मग तिच्या घोट्यावर काहीतरी आलं. ऊबदार, ओलसर, आखूड बोटांचं.

दोन तळहातांनी ओवीने तिचं पाऊल उचललं. जड पाऊल, भेगाळलेलं पाऊल. दोन्ही हातांत धरून तिने ते सरकवलं, पावडीवर ठेवलं आणि वरून सगळा भार घालून दाबलं.

पावडी खाली गेली. वरची लाकडं करकरली, सुटं रेशीम थरथरलं, फणी सैलावून पुढे झुलली आणि मागे येऊन चौकटीवर आदळली. मातीत एक बारीकसा हादरा उतरला. ठोका नव्हे, ठोक्याची उसनी, अशक्त आठवण.

किंचाळण्याची हवा थांबली.

ओवीने पाऊल उचललं. पुन्हा ठेवलं. पुन्हा दाबलं.

चंद्रकलेने डोळे उघडून फणीकडे पाहिलं. बांधलेल्या जुड्या सुटत होत्या. जुनी टोकं, हिरवी, सोनेरी, एकेक करून फणीच्या दातांतून निसटत होती. एक. मग दोन मिळून. मग एक झुबकाच. म्हणजे पंधरा दिवस. म्हणजे असेच पंधरा दिवस, गोधड्यांचे, सुजल्या हातांचे. पाय आवरून घेतला तर अजून वाचण्यासारखं होतं. नुसता पाय आवरून घ्यायचा होता.

आजवर त्या बोटांनी माठासाठी मनगट धरलं होतं. आज ठोक्यासाठी पाऊल धरलं होतं. ही माया होती की नुसती निकड, हे विचारायचं त्राण चंद्रकलेत उरलं नव्हतं. बोटं ऊबदार होती. बोटं सोडत नव्हती.

दारात चपला वाजल्या. दिगंबर परतला होता, धापा टाकत. "येतोय गं भाचा, उद्या सकाळी..." एवढं म्हणून त्याने मागाकडे पाहिलं आणि तो ओरडला, "अगं टोकं! टोकं निसटतायत!"

"निसटू द्या," चंद्रकला म्हणाली.

तो पुढे धावला, खड्ड्यात वाकला आणि वाकलेलाच राहिला. खाली त्याची लेक बायकोच्या पायाला छातीशी धरून बसली होती. हनुवटी आईच्या गुडघ्याला टेकलेली, नजर कुठेच नाही, कपाळ निळं, ओठ मिटलेले. कितीतरी दिवसांनी मिटलेले. तो हळूच मागे सरला आणि जमिनीवर बसला.

चंद्रकलेने कपाळ पुढच्या लाकडावर टेकलं. पाय तिने सोडून दिला. तो आता तिचा नव्हता. पाय वर जाई, पाय खाली येई. पाय वर जाई, पाय खाली येई. वर रेशीम एकेक टोक सोडत राहिलं, खाली दोन आखूड हात दाबत राहिले; आणि त्या दोहोंच्या मधे, दुपारच्या फिकट उजेडात, आई झोपली.